बीजांडकोशाचे अखंड चक्र

तमिळनाडूतील कुंभकोणम् या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, तंजावरकडे जाण्याच्या वाटेच्या आसपास, तिरुक्करुकावूर नावाचे एक गाव आहे. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजी राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. परंतु त्याच जिल्ह्यातील या गावाची ख्याती निराळ्या कारणासाठी आहे. येथील देवीचे नाव गर्भरक्षांबिका. मूल व्हावे म्हणून येणाऱ्या स्त्रीला येथे देवीपुढे ठेवलेले तूप प्रसाद म्हणून देतात आणि गर्भवती स्त्रीला सुखरूप प्रसूतीसाठी एरंडेल. देवळात येणाऱ्या जोडप्यांत शेतकरी असतात, चेन्नईहून मोटारीने आलेले नोकरदार असतात आणि परदेशांतून सुटीवर आलेलेही असतात. स्त्रीच्या आयुष्यातील दोन भये, मूल न होण्याचे आणि मूल होताना जीव जाण्याचे, एकाच देवळाने आपल्या पदराखाली घेतली आहेत.

या प्रकरणात ज्या रोगाविषयी लिहावयाचे आहे तो बीजांडकोशाचा कर्करोग होय. या रोगाचा आणि त्या दोन भयांचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. तरी गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या निरीक्षणातून असे दिसून आले आहे, की स्त्रीला किती मुले झाली, तिने ती किती काळ अंगावर पाजली, तिची पाळी केव्हा सुरू झाली व केव्हा गेली, तिने कोणती संप्रेरके बाहेरून घेतली, या गोष्टींवर हा रोग होण्याची शक्यता काही अंशी अवलंबून असते. ‘काही अंशी’ हे शब्द वाचकाने ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आधी शब्दांविषयी थोडेसे. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराच्या ज्या दोन ग्रंथी असतात त्यांना आपल्याकडे कोणी अंडाशय म्हणतात, कोणी अंडकोश. यांपैकी दुसरा शब्द पुरुषाच्या अवयवालाही लावला जातो आणि त्यामुळे अनुवाद करताना फार घोटाळा होतो. म्हणून येथे बीजांडकोश हाच शब्द वापरला आहे. त्यातून दरमहा एक पक्व बीज बाहेर पडते. ती क्रिया बीजमोचन. ते बीज झेलून गर्भाशयाकडे नेणारी नळी ती बीजवाहिनी. तिच्या मोकळ्या टोकाला झालरीसारखी बोटे असतात. परिभाषाकारांनी इस्ट्रोजेनला ‘स्त्रीमदजन’ आणि प्रोजेस्टेरॉनला ‘प्रगर्भरक्षी’ असे शब्द दिले आहेत. ते अन्वर्थक आहेत यात शंका नाही; पण दवाखान्यात कोणी ते उच्चारीत नाही, म्हणून आपणही नेहमीचीच नावे घेऊ.

कुमारिका आणि माता यांच्या रोगांत भेद असतो ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती ख्रिस्ती जोगिणींच्या मठांमुळे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नमूद करून ठेवले होते, की जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक आढळतो. १८४२ मध्ये व्हेरोना शहरातील मृत्युनोंदी तपासून रिगोनी-स्टर्न याने तेच दाखविले. शिवाय गर्भाशयाचा कर्करोग जोगिणींत विवाहितांपेक्षा कमी असल्याचेही दाखविले. बीजांडकोश खोल पोटात असल्यामुळे त्याची पाळी बरीच उशिरा आली. विसाव्या शतकात मृत्युनोंदींचा शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ लागला, तेव्हा मूल न झालेल्या स्त्रियांत या अवयवाचा कर्करोगही अधिक असतो, हे स्पष्ट झाले. मात्र असे का, याचे पटण्याजोगे उत्तर कोणाजवळ नव्हते.

ते उत्तर, किंवा उत्तराचा निदान अर्धा भाग, १९७१ साली ईजिप्तमधील असिऊत येथील डॉ. महमूद फतहल्ला यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील एका लहानशा लेखात मांडला. त्यांची कल्पना अशी : बहुसंख्य सस्तन प्राण्यांत माद्या वर्षातून ठरावीक ऋतूतच माजावर येतात आणि त्यानंतर बहुधा गाभण राहतात. मनुष्यस्त्रीचे तसे नाही. गर्भ राहो वा न राहो, तिचे चक्र महिन्यामागून महिने चालूच राहते. प्रत्येक बीजमोचनाच्या वेळी बीजांडकोशाचे पातळ आवरण फाटते आणि पुन्हा सांधले जाते. सांधण्यासाठी पेशींना वेगाने विभागावे लागते. आणि जेथे पेशी वारंवार विभागतात तेथे चूक होण्याची संधीही वारंवार येते. आवरणाला विश्रांती न मिळणे हेच रोगाचे एक कारण असावे, असा त्यांचा तर्क होता.

या कल्पनेला अनपेक्षित आधार मिळाला तो कोंबडीचा. रानकोंबडी वर्षाकाठी मोजकी अंडी घालते. आपण अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी तीनशेच्या आसपास. आणि माणसाखेरीज ज्या प्राण्यांत बीजांडकोशाचा कर्करोग आपोआप व मोठ्या प्रमाणावर उद्भवतो त्यांत ही पाळीव कोंबडी अग्रगण्य आहे, विशेषतः तिचे वय दोन वर्षांपुढे गेल्यावर. म्हणूनच प्रयोगशाळांत या रोगाच्या अभ्यासासाठी कोंबड्या पाळल्या जातात.

आता थोडे गणित करू. ते केवळ समजुतीसाठी आहे. एखाद्या स्त्रीला तेराव्या वर्षी ऋतुप्राप्ती झाली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली, तर मधली वर्षे चौतीस होतात. वर्षाला तेरा चक्रे धरली तर ४४२ बीजमोचने होतील. तिला सात मुले झाली, आणि प्रत्येक खेपेस गर्भारपण व अंगावर पाजणे मिळून दोन वर्षे बीजमोचन थांबले असे धरले, तर चौदा वर्षे वजा होऊन बीजमोचने २६० उरतात. तिच्या नातीला दोनच मुले झाली आणि प्रत्येकीमागे सव्वा वर्षाची विश्रांती मिळाली, तर आकडा सुमारे ४१० होतो. मूलच झाले नाही तर पूर्ण ४४२.

पहिला हिशेब काल्पनिक नाही, हे कुंभकोणम्‌मधील एका प्रसिद्ध घराकडे पाहून कळेल. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या घरात गेले ते कुंभकोणम्‌च्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर आजही स्मारक म्हणून जपलेले आहे. त्यांच्या आई कोमलतम्माळ यांना लग्नानंतर काही वर्षे मूल झाले नाही, तेव्हा नामक्कलच्या नामगिरी देवीला साकडे घातले गेले, असे चरित्रकार सांगतात. १८८७ साली रामानुजन जन्मले. त्यानंतरची तीन मुले तान्हेपणीच गेली. पुढे १८९८ मध्ये एक आणि १९०५ मध्ये एक असे दोन मुलगे झाले व ते जगले. अठरा वर्षांत सहा बाळंतपणे, त्यांतील तीन बाळे पाळण्यातच दगावलेली. तान्हे गेले म्हणजे पाजणे थांबते आणि चक्र लवकर परत सुरू होते. म्हणजे आपल्या वरील गणितात सात मुलांमागे जी चौदा वर्षे वजा केली, ती त्या काळच्या पुष्कळ स्त्रियांना खरोखर मिळालीच असतील असे नाही. ‘पूर्वीच्या बायकांना असले रोग नव्हते’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्यामागे हे आणि दुसरेही एक कारण दडलेले असते : हा रोग प्रायः पन्नाशीनंतरचा आहे आणि पूर्वी पुष्कळ स्त्रिया पन्नाशी पाहतच नसत.

फतहल्लांच्या कल्पनेला मोठा पुरावा मिळाला तो संततिप्रतिबंधक गोळ्यांकडून. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या जातीची कृत्रिम संप्रेरके असतात आणि ती बीजमोचन थांबवितात. तर्क खरा असेल तर गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत हा कर्करोग कमी दिसला पाहिजे. २००८ मध्ये एकवीस देशांतील पंचेचाळीस अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. रोग झालेल्या स्त्रिया होत्या २३ हजारांहून अधिक, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ८७ हजार. गोळी घेतल्याच्या दर पाच वर्षांमागे धोका सुमारे वीस टक्क्यांनी घटत गेला. पंधरा वर्षे घेणाऱ्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. नवलाची गोष्ट ही, की गोळी सोडल्यावर तीस वर्षांनंतरही हे संरक्षण, क्षीण झाले तरी, पुरते गेले नव्हते. आपल्या गणिताने पाच वर्षांची ६५ चक्रे वाचली म्हणजे ४४२ पैकी सुमारे पंधरा टक्के. हा आकडा प्रत्यक्षातील विसाच्या बराच जवळ आहे.

पण गर्भारपणाच्या बाबतीत हे गणित फसते. एका गर्भारपणात फार तर दहा बीजमोचने टळतात, म्हणजे सव्वादोन टक्के. प्रत्यक्षात मूल झालेल्या स्त्रियांत हा धोका मूल न झालेल्यांहून सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळतो. त्यात पहिल्या अपत्याचा वाटा सर्वांत मोठा, पुढच्यांचा लहान. याचा अर्थ जखम आणि सांधणे एवढ्यानेच सारे घडत नाही. गर्भावस्थेत प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण अतिशय वाढते. त्यामुळे बिघडलेल्या पेशी स्वतःहून नाश पावत असाव्यात, असा एक विचार आहे. दुसरा विचार मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या स्रावांकडे बोट दाखवितो. निकाल अजून पूर्णपणे लागलेला नाही. अंगावर पाजल्यानेही धोका कमी होतो, हे मात्र निश्चित. आणि पाजण्याचा काळ जितका अधिक तितका लाभ अधिक. पाळी लवकर येणे व उशिरा जाणे यांचा परिणाम त्या मानाने लहान आहे.

याहून मोठा धक्का बसला तो रोगाच्या उगमस्थानाविषयीच. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वांची समजूत अशी होती, की हा कर्करोग बीजांडकोशाच्या आवरणातच उगवतो. नंतर वंशागत धोका असलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश व बीजवाहिन्या आधीच काढून टाकण्यात येऊ लागल्या आणि त्यांची बारकाईने तपासणी होऊ लागली. तेव्हा आरंभीचा बिघाड पुष्कळदा बीजवाहिनीच्या झालरीत सापडला, बीजांडकोशात नव्हे! सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक असा जो प्रकार, त्याची पुष्कळशी उदाहरणे नळीच्या टोकाशी जन्मून बीजांडकोशावर सांडतात, असे आता मानले जाते. ज्या घराला चोर म्हणून पकडले ते घर निव्वळ शेजारचे निघाले. तरी फतहल्लांचे निरीक्षण वाया गेले नाही. कारण बीजमोचनाच्या वेळी फुटणाऱ्या द्रवात ही झालर न्हाऊन निघते, आणि दरमहा होणारा दाह तिलाही सोसावा लागतो.

येथे आपण पुन्हा कुंभकोणम्‌कडे वळू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तमिळनाडूत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ५८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. देशाचा आकडा ३८ च्या आसपास होता. गोळी घेणाऱ्या अगदी नगण्य. या प्रांतात संततिनियमनाचा विचार जुना आहे. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये आपले केंद्र उघडले. पुढच्या दशकात ई. वे. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने तमिळ मुलखात त्याच गोष्टीचा, स्त्रीच्या स्वातंत्र्याचे साधन म्हणून, उघड पुरस्कार केला. एका स्त्रीमागे जन्मणाऱ्या मुलांची सरासरी आता तेथे दोनाच्या खाली गेली आहे. म्हणजे कावेरीकाठच्या स्त्रीच्या वाट्याला गर्भारपणाची विश्रांती तिच्या पणजीच्या मानाने फार थोडी येते; गोळीची विश्रांती येतच नाही; येते ती नसबंदी.

आणि नसबंदीनेही हा धोका उतरतो. पाव ते एक-तृतीयांश इतका तो कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. या शस्त्रक्रियेने बीजमोचन थांबत नाही, पाळी चालूच राहते. म्हणून हा लाभ पूर्वी कोडे वाटे. बीजवाहिनीचे माहात्म्य कळल्यावर कोडे काहीसे सुटले : वाट बंद झाल्याने खालून वर जाणारे रक्त व दाहक द्रव्ये अडत असावीत. गर्भाशयाच्या अस्तराची पेशीबेटे पोटात भलत्या जागी रुजण्याचा जो विकार असतो, ज्यात बीजांडकोशावर काळपट रक्ताच्या गाठी धरतात व डॉक्टर त्यांना ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, त्या विकाराने ज्या दोन प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, नेमका त्याच प्रकारांवर नसबंदीचा परिणाम सर्वांत अधिक आहे. दुसऱ्या मुलानंतर सरकारी रुग्णालयात टाके घालून घरी परतलेल्या स्त्रीला याची कल्पना नसते, आणि कोणी दिलेलीही नसते. तिला तो लाभ न मागता मिळालेला आहे. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा स्त्रीच्याच वाट्याला का येते, पुरुषाची त्याहून सोपी शस्त्रक्रिया इतकी दुर्मीळ का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, हेही येथेच नोंदवून ठेवावे.

अशा माहितीचा विपर्यास फार लवकर होतो. मूल न झालेल्या स्त्रीला आपल्या समाजात आधीच पुष्कळ ऐकावे लागते. तिरुक्करुकावूरच्या देवळातील रांगेत ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येते. तिच्या दुःखात ‘तुला कर्करोगही होणार’ अशी भर कोणी घालू नये, कारण ते खरे नाही. भारतात दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे सात जणींना हा रोग होतो. २०२२ सालचा देशाचा अंदाज ४७ हजारांच्या आसपास होता, आणि स्तन व गर्भाशयमुख यांच्या खालोखाल स्त्रियांच्या कर्करोगांत त्याचा क्रमांक लागतो. लाखांत सातांचे नऊ किंवा दहा झाले, तरी उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशे नव्वद जणी सुरक्षितच राहतात. शिवाय मूल न होण्याचे कारण आणि रोगाचे कारण कधी कधी एकच असू शकते. वर सांगितलेला अस्तराचा विकार हे त्याचे उदाहरण. वंध्यत्वावरील औषधांनी हा कर्करोग होतो अशी भीती एके काळी होती. तिला ठोस आधार मिळालेला नाही.

उलट दिशेचा विपर्यास, अधिक मुले होऊ द्यावीत, हा तर त्याहून वाईट. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांचा हिशेब कोणी विसरू नये. स्वतः डॉ. फतहल्ला पुढे जगभर ओळखले गेले ते सुरक्षित मातृत्वाचे कैवारी म्हणून, बहुप्रसवतेचे नव्हे. गोळीचेही तसेच. ती घेत असताना स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, रक्ताच्या गुठळीचे भय असते, आणि रक्तदाब असणाऱ्या वा तंबाखू ओढणाऱ्या स्त्रीने ती वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नये. केवळ बीजांडकोशासाठी म्हणून ती सरसकट कोणी देत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आणि आता ‘छाया’ नावाने सरकारी केंद्रांत मिळणारी आठवड्याची गोळी निराळ्या जातीची आहे. बीजमोचन थांबविणे हे तिचे कार्य नसल्यामुळे, वरील लाभ तिच्या नावावर मांडता येत नाही.

पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकांची गोष्ट पुन्हा निराळी. अंगाची लाही होणे, झोप न लागणे यांसाठी ही औषधे दिली जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावन्न अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत असे आढळले, की पन्नाशीच्या सुमारास सुरू करून पाच वर्षे ती घेणाऱ्या दर हजार स्त्रियांमागे या कर्करोगाची एक रुग्ण अधिक होते. हजारांत एक. ज्या बाईला रात्र रात्र डोळा लागत नाही तिने हा आकडा ऐकून स्वतःच तोलावा. वैद्याने तो तिच्यापासून लपवू नये.

रोग ओळखण्याची स्थिती मात्र समाधानकारक नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर, रक्ततपासणी व सोनोग्राफी यांच्या साहाय्याने, वर्षानुवर्षे चाळणी करून पाहण्यात आली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तिने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून निरोगी स्त्रीने दरवर्षी ‘सीए १२५’ करून घेण्यात अर्थ नाही. पोट फुगलेले वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही याची लक्षणे; आणि घरोघरी ती वात किंवा अपचन म्हणून ओव्याच्या पाण्यावर काढली जातात. पन्नाशीच्या पुढे ती नव्याने सुरू झाली आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज टिकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. चेन्नईला अड्यार येथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ मध्ये कर्करोग संस्था उभी राहिली, त्यामागे त्यांच्या धाकट्या बहिणीचा या व्याधीने झालेला मृत्यू होता. आपल्याकडे मुंबईचे टाटा रुग्णालय त्याच्याही आधीचे, १९४१ चे. तेथे पोहोचणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा रोग आजही पोटभर पसरलेला असतो.

राहिली एक बाब, आणि ती येथवर सांगितलेल्या सर्व कारणांहून भारी आहे. काही घराण्यांत ‘बीआरसीए’ नावाच्या जनुकांत दोष उतरतो. पहिल्या जनुकातील दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना, दुसऱ्यातील असलेल्या सुमारे १७ जणींना, ऐंशीव्या वर्षापर्यंत हा रोग होतो. डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला कर्करोग होता का?’ तेव्हा आपल्याकडील स्त्री आईचे, मावशीचे, आजोळच्या आजीचे नाव आठवून पाहते आणि ‘नाही’ म्हणते. वडिलांची बहीण तिच्या ध्यानीही येत नाही. आणि आली तरी आत्या सासरी गेल्यावर ती कशाने गेली हे माहेरी कोणी नीट विचारलेले नसते. हा दोष बापाकडूनही तितक्याच सहज येतो. आत्याला आणि वडिलांच्या आईला काय झाले होते, तिच्या स्तनात गाठ होती की पोटात पाणी झाले होते, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे, ती माणसे आहेत तोवर.